सैन्याची योजना ठरते कशी? गावाकडून वारंवार येणारे प्रश्न

पायदळात २८ वर्षं काढून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतलो. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत संध्याकाळी भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी बसतात. त्यांचे प्रश्न, बाजाराच्या दिवशी रस्त्यात थांबवून विचारलेले प्रश्न आणि मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी लढाई पेटली तेव्हा तर रोज फोनवर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना विमानं आणि क्षेपणास्त्रांबद्दल ऐकायचं असतं. मी मात्र शिधा, रस्ता आणि वेळ यांवरच जास्त लिहिलंय, कारण लढाईची योजना तिथेच उभी राहते नाहीतर कोसळते. जे जाहीर आहे तेवढंच इथे आहे.

१. काका, रणनीती, व्यूहरचना आणि डावपेच हे सगळं एकच ना?

नाही. १९७१ चं युद्ध समोर ठेवा. पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या निर्वासितांचा प्रश्न कसा सोडवायचा, त्यासाठी युद्धाची तयारी ठेवायची का, त्याआधी ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार करून पाठ कशी राखायची, ही झाली रणनीती. ती देश ठरवतो. तटबंदी केलेल्या गावांत न अडकता बाजूने ढाक्याकडे सरकायचं, मेघना नदी हेलिकॉप्टरने ओलांडायची, ११ डिसेंबरला टांगाईलजवळ छत्रीधारी सैनिक उतरवायचे, ही व्यूहरचना. ती वरिष्ठ सेनापती आखतात. अमुक कंपनीने पहाटे अमुक बंकर डाव्या अंगाने घ्यायचा, हे डावपेच. ते मेजर, कॅप्टन आणि सुभेदार ठरवतात.

पेपरवाले तिन्हींना रणनीतीच म्हणतात. बोलताना चालतं, परीक्षेत आणि मुलाखतीत चालत नाही.

२. युद्ध करायचं हे ठरवतं कोण? सेनाप्रमुख का पंतप्रधान?

सरकार. संविधानाच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. प्रत्यक्ष निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती घेते. सेनाप्रमुख तिच्यापुढे पर्याय ठेवतात: हे केलं तर इतके दिवस, इतकी माणसं, इतका धोका. सरकार एक पर्याय निवडतं आणि त्याला मर्यादाही घालतं. कारगिलमध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही ही मर्यादा होती आणि सैन्याने सगळी योजना तिच्या आत बसवली. त्याची किंमत काय पडली ते प्रश्न १० मध्ये आहे.

३. सीडीएस मंजे तिन्ही सेनाप्रमुखांचे साहेब का?

तसं नाही. सीडीएस म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ. जनरल बिपिन रावत १ जानेवारी २०२० ला पहिले सीडीएस झाले. सीडीएस हे तिन्ही दलांच्या प्रमुखांच्या समितीचे कायम अध्यक्ष असतात, संरक्षण मंत्रालयातला लष्करी व्यवहार विभाग पाहतात आणि तिन्ही दलांच्या सामाईक बाबींवर संरक्षणमंत्र्यांना सल्ला देतात. सेनाप्रमुखांना लढाईचा हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नाही. इथे बरीच पोरं गुण घालवतात.

४. थिएटर कमांड काय प्रकार हाय? पेपरात लय येते.

भूदलाच्या ७ कमांड, हवाई दलाच्या ७ आणि नौदलाच्या ३. प्रत्येकाचं मुख्यालय वेगळ्या शहरात. एकाच सीमेची जबाबदारी भूदलाची एक कमांड उधमपूरहून पाहते आणि हवाई दलाची दुसरी दिल्लीहून. एका सीमेवरची तिन्ही दलं एकाच सेनापतीच्या हाताखाली आणायची, हा थिएटर कमांडचा विचार. त्याचा नमुना २००१ मध्ये अंदमान-निकोबारला उभा राहिला. अशा संयुक्त मुख्यालयाच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये झाला. ऐकायला ही कारकुनी बाब वाटते, पण आपल्या हाताखालच्या माणसाला रजा किंवा शिक्षा देता येत नसेल तर त्याला हुकूम तरी कोणत्या जोरावर द्यायचा?

हवाई दलाच्या त्या ७ कमांडपैकी एक नागपुरात आहे, देखभाल कमांड. विमानांची दुरुस्ती आणि सुटे भाग हे तिचं काम.

५. योजना बनवताना सगळ्यात आधी काय पाहतात? नकाशा?

नकाशाच्या आधी उद्दिष्ट. एका वाक्यात मांडता आलं नाही तर ते पक्कं झालेलं नाही, असं आम्हाला शिकवलं. मग जमीन, हवामान, वेळ, शत्रूचं बळ, आपलं बळ आणि रसद. यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे विचारायचं, 'मग काय?' नदी आहे. मग काय? पूल लागेल. मग काय? पुलाचं सामान आणणाऱ्या गाड्या लागतील, त्यांना रस्ता लागेल, रस्त्याला पहारा लागेल. असा धागा शेवटपर्यंत ओढल्यावर दोन-तीन मार्ग उरतात. प्रत्येक मार्गावर शत्रूच्या जागी बसून हल्ला करून पाहायचा, आणि टिकेल तो घ्यायचा. फौजेत या कामाला ॲप्रिसिएशन म्हणतात.

सगळ्यात जास्त माणसं वेळेच्या बाबतीत चुकतात. एप्रिल १९७१ मध्ये जनरल माणेकशॉ यांनी सरकारला थांबायला सांगितलं, हे त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे. पावसाळा तोंडावर होता. बंगालच्या नद्या फुगल्या की रस्ता सोडून पाऊल टाकता येत नाही. हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात, म्हणजे चीनकडून येणाऱ्या धोक्याची काळजी कमी. मृगाच्या आधी धूळपेरणी करावी की नाही यावर आपला शेतकरी किती रात्री जागतो ते आठवा. इथे बियाण्याच्या जागी माणसं होती. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला संपलं. त्या १३ दिवसांआधीची आठ महिन्यांची मोजणी कोणी लक्षात ठेवत नाही.

६. साध्या जवानाला पूर्ण योजना सांगतात का? का फक्त 'चल' म्हटलं की चालायचं?

त्याच्या कामापुरती पूर्ण सांगतात, आणि ते सांगणं मोठं काम असतं. आधी सँड मॉडेल बनतं. जमिनीवर चौकोन आखायचा, माती चाळायची, ओल्या मातीने डोंगराच्या सोंडा उठवायच्या. रस्त्याला चुना, नाल्याला निळी रांगोळी, झाडांना गवताच्या काड्या, शत्रूच्या मोर्च्याला लाल चिंधी. मी प्लाटून हवालदार असताना ही माती स्वतः चाळायचो, कारण सोंडेचा उतार चुकला तर रात्री माणूस वाट चुकतो. मग सगळे भोवती बसतात. क्रम ठरलेला: जमीन, शत्रूची आणि आपली खबर, उद्दिष्ट, कोणी काय करायचं, शिधा-दारूगोळा-जखमींची व्यवस्था, संपर्क. मग घड्याळं मिळवतात. आणि शेवटी 'कोई शक?'

एका सरावात हा प्रश्न आल्यावर सगळ्यात मागे बसलेल्या नव्या जवानाने हात वर केला. 'साब, नाले में पानी हुआ तो?' नकाशात नाला कोरडा होता, दोन दिवसांपूर्वी पाहणी केली तेव्हाही कोरडा होता. पण आदल्या रात्री डोंगरात पाऊस झाला होता. साहेबांनी चार जणांची गस्त पाठवली. पाणी छातीला लागत होतं. आम्ही तासभर आधी निघालो, दोर सोबत घेतले आणि वेळेवर पोचलो. त्या पोराने विचारलं नसतं तर कंपनी नाल्यातच अडकली असती.

म्हणून जवानाला दोन पायऱ्या वरच्या साहेबाचा हेतूही सांगतात. रेडिओ बंद पडला, नायक जखमी झाला, तरी उरलेल्यांना आपण इथे कशासाठी आलो ते माहीत असतं.

७. सेक्शन, प्लाटून, कंपनी... कोण मोठं?

पायदळात सेक्शन साधारण १० जणांचा. तीन सेक्शनचा एक प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी (सुमारे १२०). चार रायफल कंपन्या आणि सोबतच्या तुकड्या मिळून बटालियन, साधारण ८०० माणसं. त्यावर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि कमांड.

८. पुलगावच्या डेपोचा अन् लढाईचा काय संबंध? सीमा तर कुठच्या कुठं!

हा प्रश्न पुलगावजवळच्याच एका बाईंनी विचारला, म्हणून सविस्तर लिहितो. पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो देशातल्या सगळ्यात मोठ्या डेपोंपैकी आहे. तो इथे का, याचं उत्तर नकाशात आहे. विदर्भ देशाच्या मध्यावर, सगळ्या सीमांपासून लांब, आणि उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग नागपूर-वर्धा पट्ट्यात एकमेकांना भेटतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती, नागपुरात अंबाझरी, हे आयुध निर्माणी कारखानेही याच पट्ट्यात आहेत.

आता हिशेब करा. १५५ मिमी तोफेचा एक गोळा सुमारे ४५ किलोचा. समजा एका तोफेने दिवसात १०० गोळे डागले, तर साडेचार टन. तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये १८ तोफा, म्हणजे दिवसाला ८१ टन. यात गोळा फेकणारी दारू आणि फ्यूज धरलेलं नाही. पाच टनी ट्रक धरला तर एका रेजिमेंटचे एका दिवसाचे नुसते गोळे न्यायला १७ ट्रक. त्यांचं डिझेल, त्यांचे चालक, चालकांचं जेवण वेगळं. असे दहा दिवस, अशा दहा रेजिमेंट. बॉर्डरवर तोफ धडाडते तेव्हा तिच्यामागे शेकडो कोस लांबीची साखळी ओढली जात असते, आणि त्या साखळीची एक कडी पुलगावात आहे.

हे काम धोक्याचंही आहे. ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर डेपोत आग लागली. विझवायला पुढे गेलेले अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्यात गेले, आजूबाजूची गावं रात्रीच रिकामी करावी लागली. त्यांचं स्थान सीमेवर पडलेल्या जवानाच्या बरोबरीचं आहे, असं मी मानतो.

९. लडाखमध्ये हिवाळ्यात रस्ते बंद होतात, मग फौज जेवते काय?

उन्हाळ्यात भरून ठेवलेलं. आपण पावसाळ्याआधी धान्य, सरपण, पापड-कुरडया भरतो तसा तिथे हिवाळ्याचा साठा मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात चढवला जातो: पीठ, डाळ, डबाबंद भाज्या, रॉकेल, औषधं, दारूगोळा. श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजिला खिंड बंद पडली की विमान आणि हेलिकॉप्टरचाच आधार. मनाली-लेह रस्त्यावर २०२० मध्ये खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा याच अडचणीवरचा एक उपाय आहे. अगोदर नोंदलेला आकडा चुकला तर जानेवारीत दुरुस्त करता येत नाही.

१०. हल्ल्याला तिप्पट माणसं लागतात हे खरं का?

तो अंदाज आहे. मैदानात बसलेल्या एकाला उठवायला तीन, असं मानतात. डोंगरात त्याहून बरेच जास्त. कारगिलमध्ये शत्रू शिखरावर होता, आपण खाली. नियंत्रण रेषा ओलांडायची नसल्याने त्याच्या पाठीमागे जाऊन रसद तोडता येत नव्हती (प्रश्न २). उघड्या उतारावरून, रात्री, समोरून चढावं लागलं. पहिल्या हल्ल्यांत नुकसान झाल्यावर योजना बदलली: आधी बोफोर्स तोफांचा मारा एका शिखरावर एकवटायचा, मग अनेक बाजूंनी एकाच वेळी चढायचं. १३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल हाती आलं. आकड्यापेक्षा हे बदलणं लक्षात ठेवा.

११. आपल्या विदर्भातलं एखादं उदाहरण सांगा ना.

गाविलगड. चिखलदऱ्याला सहल गेली की पोरं दरवाजाजवळ फोटो काढतात आणि परततात. पुढच्या वेळी तिथे उभं राहून उत्तरेकडे पाहा.

२९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या लढाईत इंग्रजांकडून नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि उरलेली फौज गाविलगडात शिरली. दक्षिणेकडून गड सरळ कड्यावर उभा आहे. उत्तरेला मात्र जमिनीची एक चिंचोळी पट्टी गडाला पठाराशी जोडते. तिथवर तोफा आणायच्या तर मेळघाटचे डोंगर ओलांडावे लागणार. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दक्षिणेकडून मारा करून लक्ष तिकडे गुंतवलं आणि स्टीव्हनसनच्या तुकडीला डोंगरातून उत्तरेला पाठवलं. रस्ता नव्हता, तो माणसं आणि बैल लावून वाटेवरच करत गेले. दक्षिणेच्या तोफांचा तटावर फारसा परिणाम झाला नाही. उत्तरेच्या तोफांनी भगदाड पाडलं आणि १५ डिसेंबरला गड पडला. दोन दिवसांत देवगावचा तह झाला.

आपल्या बाजूने शौर्य कमी नव्हतं, किल्लेदार लढता लढता पडला. पण इतक्या अवघड वाटेने जड तोफा कमी दिवसांत येतील हा हिशेब गडाच्या बाजूने धरला गेला नाही, असं मला तिथे उभं राहिलं की दरवेळी वाटतं. वाचताना मन कडू होतं, तरी वाचा.

१२. अन् योजना फसली तं?

फसतेच, कुठेतरी. म्हणून प्रत्येक सेनापती काही माणसं हातात राखून ठेवतो. प्लाटून कमांडरही ठेवतो. ही राखीव तुकडी रिकामी बसलेली दिसते आणि नव्या जवानाला ते खटकतं. पण ती वापरून टाकली की सेनापतीच्या हातात पुढे काय होतं ते पाहण्याशिवाय काही उरत नाही.

१३. गडचिरोलीत सैन्य लढते ना?

नाही. तिथलं नक्षलविरोधी सी-६० हे महाराष्ट्र पोलिसांचं पथक, १९९० मध्ये उभं राहिलेलं. केंद्रीय राखीव पोलिस दल गृह मंत्रालयाखाली येतं. भूदल संरक्षण मंत्रालयाखाली. गणवेश सारखा दिसतो म्हणून घोटाळा होतो. योजनेतही मोठा फरक आहे: तिथे भोवतीची माणसं आपली असतात, अटक, पंचनामा, न्यायालय हे सगळं धरूनच आखावं लागतं.

१४. 'कोल्ड स्टार्ट' काय असते?

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाल्यावर फौज सीमेकडे हलवली गेली. मोठ्या हल्लेखोर कोअर देशाच्या आतल्या भागात असतात. त्या पोचून सज्ज व्हायला सुमारे तीन आठवडे लागले, तोवर जगाचा दबाव वाढला आणि समोरचाही सावध झाला. त्यावरून विचार निघाला की लहान, सर्व शस्त्रांनी पूर्ण अशा तुकड्या सीमेजवळच ठेवाव्यात आणि काही दिवसांत हलाव्यात. सेनाप्रमुख असताना जनरल रावत यांनी जानेवारी २०१७ मध्ये हे नाव जाहीरपणे घेतलं. मूळ प्रश्न पुन्हा वेळेचाच (प्रश्न ५).

१५. दोघांकडंही अणुबॉम्ब हायेत, मग हे सगळं काहून करायचं?

कारण अणुबॉम्ब खालच्या पातळीवरची लढाई थांबवत नाही. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान दोघांनी चाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिल झालं. भारताचं धोरण ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालं: पहिला वापर आपण करणार नाही, पण आपल्यावर झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. तो निर्णय फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेचा. त्यामुळे बाकीची प्रत्येक योजना 'कुठे थांबायचं' हे आधी ठरवूनच आखली जाते. मे २०२५ मध्ये ७ तारखेला दहशतवाद्यांच्या ९ तळांवर मारा झाला आणि १० तारखेला लढाई थांबली. पोरं विचारतात, पुढे काहून नाही गेले? कुठवर जायचं हा प्रश्न २ मधल्या समितीचा निर्णय असतो.

१६. ड्रोन आले, आता पायदळाची गरज संपली का?

नाही. ड्रोन पाहतो आणि मारतो, जमीन धरून बसत नाही. बदल मात्र खरा आहे: पूर्वी रात्र आणि झाडी आपल्याला लपवायची, आता आकाशातून उष्णताही दिसते. म्हणून विखुरून राहणं, लवकर जागा बदलणं, खोटे मोर्चे उभारणं हे पुन्हा शिकावं लागतंय. हवाई संरक्षणही योजनेच्या पहिल्या पानावर आलंय. मे २०२५ मध्ये भूदलाच्या 'आकाशतीर' यंत्रणेचं नाव त्यामुळेच सर्वांना कळलं. पण जुने धडे तसेच आहेत. २०२२ मध्ये कीव्हकडे निघालेला सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा रशियन ताफा रस्त्यातच खोळंबला. त्यात इंधन आणि शिध्याच्या टंचाईचाही हात होता (प्रश्न ८ चा हिशेब पुन्हा करा).

१७. आमच्या पोरीला, पोराला हे योजनेचं काम करायचं असंल तं?

जवान व्हायचं तर आधी अग्निवीर म्हणून चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम. योजना आखायचं मुख्य काम अधिकाऱ्यांचं, त्यासाठी बारावीनंतर एनडीए किंवा पदवीनंतर सीडीएसची परीक्षा (नाव तेच, पण प्रश्न ३ मधलं पद वेगळं). एनडीएत २०२२ पासून मुलीही आहेत. छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी आणि नाशिकला मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. चंद्रपूरला सैनिकी शाळा आहे. वयाची अट बदलते, ती चालू अधिसूचनेतच पाहा.

एसएसबीत (अधिकारी निवडीच्या मुलाखतीत) गटाने योजना आखायची एक कसोटी असते. तिची तयारी आम्ही असा प्रश्न घालून करतो: वर्धा नदीला पूर, पुलावर पाणी चढतंय. गावात एक बाळंतीण अडली आहे, रेल्वेरुळाची फिशप्लेट (रूळ जोडणारी पट्टी) निघालेली दिसली, पाऊण तासाने गाडी येणार. तुम्ही आठ जण, एक ट्रॅक्टर, एक सायकल, मोबाईलला रेंज नाही. काय कराल? बहुतेक पोरं आधी ट्रॅक्टर कोणाला द्यायचा यावर भांडतात. गेल्या हंगामात एका मुलीने आधी जमिनीवर काडीने वेळ मांडली: गाडीला किती मिनिटं, पुलाला किती, दवाखान्याला किती. मग माणसं वाटली. मला तिला काही सांगावं लागलं नाही.

१८. वर्ध्यावरून रणगाड्यांची मालगाडी गेली. व्हिडिओ टाकला तर काय होते? सगळे तर पाहतात.

फलाटावरचे शंभर लोक पाहतात, ते वेगळं. तुमच्या व्हिडिओत डब्यांची संख्या, गाडीची दिशा, वेळ आणि वाहनांवरच्या खुणा असतात. असे चार स्टेशनांवरचे चार व्हिडिओ कोणी एकत्र ठेवले की कोणती तुकडी किती दिवसांत कुठे पोचणार हे कळतं. प्रश्न १४ मधला वेळेचा फायदा तिथेच जातो. २६ एप्रिल २०२५ ला सरकारने वाहिन्यांनाही लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं बजावलं होतं, आणि १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा आजही लागू आहे.

हेच घरच्या माणसांनाही लागू. मुलगा कोणत्या ठाण्यावर गेला, कोणत्या गाडीने गेला, रजा का रद्द झाली, हे स्टेटसवर नको. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, त्यांचा नातू फौजेत. आठवडी बाजारात कोणी विचारलं की त्या भाजीची पिशवी सावरत 'ड्युटीवर हाय' एवढंच सांगतात आणि पुढे चालू लागतात.